इंग्रजांची शिस्त म्हणे!

साहेब येणार म्हणून रातोरात रंगवलेल्या दुभाजकाचा फोटो आज सगळ्यांच्या भिंतीवर फिरतोय. फोटोचा राग नाही, ते नेहमीचंच आहे. राग खालच्या कमेंटींचा आहे. ‘इंग्रजांच्या काळात असं नव्हतं हो, शिस्त म्हणजे शिस्त!’ कुठली शिस्त? साहेबासाठी रंग लावायची कला पराकोटीला नेली ती व्हिक्टोरिया राणीच्या आरमारानं.

नोव्हेंबर १९०७. जर्मनीचा कैसर, म्हणजे व्हिक्टोरियाचाच नातू, येणार होता. ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल बेरेसफर्ड याचा हुकूम सुटला: सराव आटोपा, जहाजं रंगवायला घ्या. ‘रॉक्सबर्ग’ या युद्धनौकेनं तोफांचा सराव चालू ठेवायची परवानगी मागितली. त्यावर तिच्या क्रूझर (वेगवान युद्धनौका) तुकडीचा प्रमुख पर्सी स्कॉटनं संदेश धाडला: तोफेपेक्षा रंगाला जास्त मागणी दिसते, तेव्हा ८ तारखेपर्यंत नटूनथटून हजर व्हा. बेरेसफर्डचा भडका उडाला. त्यानं स्कॉटला चारचौघांत झापलं. पण तो संदेश एका दिवसाच्या रागातून आलेला नव्हता. त्यामागं चाळीस वर्षांची नोकरी होती.

स्कॉट १८६६ साली, तेराव्या वर्षी, ‘ब्रिटानिया’ या शिकाऊ जहाजावर दाखल झाला. पुढं मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, मग लेफ्टनंट. खरी मेख त्यानंतर. लेफ्टनंटचा कमांडर आणि कमांडरचा कॅप्टन निवडीनं होई, आणि तपासणीला आलेल्या अॅडमिरलला दिसे काय, तर डेक, पितळ आणि रंग. सरकारी रंग पुरत नाही म्हणून कमांडर पदरचे पैसे घालत. तोफ डागली की धुरानं रंग काळवंडतो, म्हणून सराव म्हणजे ब्याद. तिमाहीचा कोटा कसाबसा उरकायचा. १८८२ साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावर आठ ब्रिटिश चिलखती जहाजांनी सुमारे ३,००० गोळे झाडले. किल्ल्यांवरच्या तोफा गारद झाल्या त्या मोजक्याच. तरी डोळे उघडले नाहीत.

स्कॉटही त्या वाटेनं गेला, हे त्यानंच लिहून ठेवलंय. ‘एडिंबरा’ जहाजावर त्याच्या तोफखान्याच्या कल्पना कोणी ऐकेना, तेव्हा त्यानं एनॅमल आणलं, बोल्टच्या नटांना सोनेरी मुलामा दिला, दारूकोठाराच्या किल्ल्या इलेक्ट्रोप्लेट करून घेतल्या, रिव्हॉल्व्हरच्या मांडणीवर रोमन देव मर्क्युरीचे पुतळे बसवले. काय कौतुक झालं म्हणता! दारूकोठाराच्या किल्ल्या, अहो! लग्नाच्या रुखवतात मांडायच्या होत्या का?

तर ‘नटूनथटून हजर व्हा’ म्हणणाऱ्या माणसानं नटण्याचे सगळे प्रकार स्वतः करून झाले होते.

खरं काम झालं पुढं ‘स्किला’ या जहाजावर. जहाज डोलतं. जुनी पद्धत अशी: तोफेचा कोन बांधून ठेवायचा, हेलकाव्यानं नेम निशाणावर आला की चाप ओढायचा. पण डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत क्षण जातो आणि तेवढ्यात जहाज पुढं डोललेलं असतं. गोळा एक तर डोक्यावरून जातो, नाही तर अलीकडं पाण्यात. स्कॉटनं पाहिलं की तोफेवरचा एक गोलंदाज नकळत कोन बदलायचं चक्र मागंपुढं फिरवत नेम निशाणावर धरून ठेवतोय, आणि त्याचेच गोळे लागताहेत. मग सगळ्यांना तेच शिकवायचं ठरलं. चक्र हलकं फिरावं म्हणून गिअरचं प्रमाण बदललं. दुर्बीण सुधारली. सरावाला ‘डॉटर’ केलं: तोफेसमोर वरखाली सरकणारं कार्ड, चाप ओढला की पेन्सिल त्यावर ठिपका उमटवते. गोळा नाही, दारू नाही, धूर नाही, बंदरात उभ्या उभ्या रोज सराव. चूक ठिपक्यात दिसते, वाद घालायला जागा नाही. १८९९ च्या स्पर्धेत ‘स्किला’च्या ४.७ इंची तोफांनी ७० पैकी ५६ गोळे निशाणावर घातले. ८० टक्के! बाकी आरमाराचे निम्मेही लागत नव्हते. आणि वरिष्ठांची पहिली प्रतिक्रिया? काहीतरी लबाडी असणार.

हे टाइप करताना पुन्हा डोकं तापलंय.

बरं, बेरेसफर्ड भित्रा नव्हता. अलेक्झांड्रियाला चिमुकली तोफनौका ‘काँडोर’ किल्ल्याच्या तोंडाशी नेणारा तोच. स्कॉटही साधुसंत नव्हता. फटकळ होता, पेटंटचे पैसेही त्याला मिळाले. लोखंडाला रंग लागतो, नाही तर गंज चढतो, हेही मान्य. पण गंजासाठी रंग आणि कैसरसाठी रंग यातला फरक ‘रॉक्सबर्ग’वाल्यांना कळत होता, अॅडमिरलला नाही. त्यांनी मागितलं काय होतं? सराव. एवढंच.

त्यानंतरही स्कॉट गप्प बसला नाही. जहाजावरच्या तोफबुरुजातल्या गोलंदाजाला धूर आणि तुषारांमुळं निशाण दिसत नाही, म्हणून वर उंचावर बसलेल्या एकाच माणसानं सगळ्या तोफांचा नेम धरून एकदम बार काढायचा, ही ‘डायरेक्टर’ची योजना त्यानं लावून धरली. १९१२ साली ‘थंडरर’ या युद्धनौकेनं ती लावून नेमबाजीत ‘ओरायन’ या दुसऱ्या युद्धनौकेला कित्येक पटींनी मागं टाकलं. तरी १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा ती बसवलेल्या युद्धनौका होत्या फक्त आठ. बाकीच्यांचं काम मार्गी लावायला निवृत्त झालेल्या स्कॉटलाच परत बोलवावं लागलं.