निवृत्त ग्रंथपालांच्या सत्काराविषयी कार्यकारी मंडळास काही सूचना

आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्या असतील आणि त्यांच्या थकलेल्या पगाराचा विषय मंडळाच्या सभेत निघण्याची चिन्हे दिसू लागली असतील, तर वेळ न दवडता त्यांचा जाहीर सत्कार ठरवावा. सत्काराचा ठराव एकमताने मंजूर होतो आणि त्याचा खर्च शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ व चहापान एवढ्यात आटोपतो. शिवाय, ज्यांच्या हस्ते शाल घ्यायची त्यांच्याकडेच थकबाकी मागणे सुसंस्कृत व्यक्तीला जड जाते; आणि बाई सुसंस्कृत आहेत याची खात्री आपण इतकी वर्षे करून घेतलेलीच आहे.

समारंभासाठी 12 ऑगस्ट हा दिवस उत्तम. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती त्या दिवशी ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. त्यामुळे त्यांच्या प्रतिमेचा हार आणि बाईंचा हार एकाच खरेदीत येतात. रंगनाथनांनी 1931 साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे प्रास्ताविकात अवश्य म्हणून दाखवावीत. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ या चौथ्या सूत्रापाशी मात्र फार रेंगाळू नये, कारण त्या वेळी प्रमुख पाहुणे अद्याप वाटेत असतील आणि श्रोते तासाभरापासून बसलेले असतील.

सभागृहाची व्यवस्था बाईंकडेच द्यावी. खुर्च्या कोणाकडून आणायच्या, ध्वनिक्षेपकाचे बटण कोठे आहे आणि समई कोणत्या कपाटात ठेवली आहे, हे त्यांच्याखेरीज संस्थेत कोणाला ठाऊक नाही. त्यांचा परिचयही त्यांनाच लिहायला सांगावा. तो त्या चार ओळींत लिहितील, आणि मग सूत्रसंचालकाला आपल्या कवितांसाठी मुबलक वेळ मिळेल.

खरे कौशल्य मानपत्रात आहे. बाईंनी केलेल्या कामाचा तपशील त्यात चुकूनही येऊ देऊ नये. आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात त्या दाखलनोंद वहीतील हजारो नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. विषयवार मांडणीसाठीचे दशांश वर्गीकरणाचे क्रमांक त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर डकवले. दर पावसाळ्यात त्यांनी कपाटे रिकामी करून वाळवी आणि कसर लागलेली पुस्तके वेगळी काढली. देवघेवीच्या टेबलावर उभ्या असलेल्या मुलाने मागितलेले पुस्तक नसताना त्याला चालेल असे दुसरे पुस्तक शोधून दिले. संगणक आला तेव्हा वाचनालय बंद झाल्यावर बसून पुस्तकांची सगळी तालिका त्यात उतरवली. असा तपशील लिहिला की ऐकणाऱ्याच्या मनात हे सारे किती पगारावर केले, असा प्रश्न उगाच उभा राहतो. त्याऐवजी ‘सरस्वतीच्या मंदिरातील अखंड तेवणारी नंदादीप’ असे लिहावे. नंदादीपाला वेतनश्रेणी नसते. (व्याकरणाच्या दृष्टीने ‘तेवणारा’ हवे, हे बाई मुद्रितशोधनात सांगतील, मुद्रितशोधनही त्यांच्याकडेच आहे.)

‘तुटपुंज्या मानधनावर निरपेक्ष सेवा’ हे शब्द मात्र असलेच पाहिजेत, आणि ते अध्यक्षांनी स्वतः, किंचित गहिवरून वाचावेत. मानधन तुटपुंजे ठेवणाऱ्या ठरावावर सही त्यांचीच असल्यामुळे या विषयावर त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोणी बोलू शकणार नाही.

एवढ्यावरही एखाद्या उर्मट वाचकाने निवृत्तिवेतनाविषयी विचारलेच, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्या संस्थेला शासनाची मान्यता आहे आणि वाचनालयाच्या वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ते चालवण्यासाठीची मदत, मिळते. पण बाई शासनाच्या नोकर नाहीत, संस्थेच्या आहेत. तेव्हा संस्थेने म्हणावे की, शासन अनुदान अपुरे देते, ते वेळेवर येत नाही, आणि कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती देणे शासनाच्याच हाती आहे. शासनाकडे गेल्यास ते म्हणेल की, हे कर्मचारी आमचे नव्हेत. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोन खऱ्या उत्तरांच्या मधल्या जागेत एक माणूस पस्तीस वर्षे सहज बसू शकतो. 2022 साली अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली, असे तो वाचक पुढे म्हणाला, तर टाळ्या वाजवून त्याचे अभिनंदन करावे आणि आभारप्रदर्शन सुरू करावे.

प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची चिंता नको. ते रत्नागिरीच्या 1828 च्या नगर वाचनालयापासून सुरुवात करतील, नाशिकचे 1840, पुण्याचे 1848 आणि ठाण्याचे 1893 असा प्रवास करत आपल्या संस्थेच्या संगमरवरी फलकापाशी पोहोचतील आणि तेथील संस्थापकांची व देणगीदारांची नावे वाचतील. देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्यांची नावे फलकावर कोरण्याची पद्धत नसल्यामुळे बाईंचा उल्लेख राहून जाईल. तो पाहुण्यांच्या कानात कुजबुजून करून घ्यावा. नाव चुकले तरी चालेल.

सत्कारमूर्तींना ग्रंथभेट द्यावी, पण नवे पुस्तक विकत आणण्याची गरज नाही. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती संग्रहात असतील तर एक रीतसर बाद करून द्यावी. आत वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक दिसला, तर बाई तो पाहून पुस्तक परत आणून देण्याचा संभव आहे, म्हणून त्या पानावर स्मृतिचिन्हाची चिठ्ठी नीट चिकटवावी.

राहिला रिकाम्या जागेचा प्रश्न. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे पाचवे सूत्र सांगते, पण वाढायचे पुस्तकांनी. पदे भरण्याविषयी त्यात काही नाही. शिपायाने दुपारी कुलूप उघडावे आणि संध्याकाळी लावावे. वाचक पुस्तक मागू लागला तर त्याला कपाटे दाखवावीत. अधिकाऱ्यांची वार्षिक तपासणी जवळ आली किंवा अनुदानाचे विवरणपत्र अडले, की बाईंना दूरध्वनी करावा. त्या येतील आणि एका दुपारी सारे जुळवून देतील. या येण्याजाण्याला काही नाव असावे, म्हणून पुढच्याच सभेत त्यांना सल्लागार नेमण्याचा ठराव मांडावा. सल्लागारपद मानद असल्याची नोंद इतिवृत्तात स्पष्ट हवी. इतिवृत्त लिहायला त्यांनाच बोलवावे.