कोणता मामा?

आज 27 फेब्रुवारी. सकाळपासून मोबाइलवर मराठी भाषा दिनाच्या शुभेच्छांचा पूर. मीही चार ग्रुपवर ढकलल्या, खोटं कशाला बोलू. दुपारी धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला, तापीकाठच्या जुन्या किल्ल्यावर गेलो आणि डोकं फिरलं.

गढीच्या वाटेवर कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. भाऊ गॉगल लावून हात जोडताहेत, खाली शुभेच्छुकांची जत्रा, त्यात एक दुधाच्या दातांचं पोरगंसुद्धा. आणि 1818 साली याच तारखेला इथे जे घडलं, त्याचा साधा दगड काही मला सापडला नाही.

मी सातेक वर्षांचा होतो. मामांनी सायकलच्या दांडीवर बसवून इथे आणलं. तापीवरचा बुरूज दाखवून म्हणाले, "आठे मामाले फाशी दिन्ही व्हती." मी जे भोकाड पसरलं! माझ्या जगात मामा एकच, आणि ते तर समोर हँडल धरून उभे.

ते मामा म्हणजे तुळशीराम मामा, होळकरांचे किल्लेदार. महिदपूरला होळकर हरले, जानेवारीत मंदसोरचा तह झाला, सातपुड्याखालचा मुलूख इंग्रजांना गेला. मग जनरल हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरपुढे. तोफा चालल्या. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाले. आत अरबांची शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचे शिपाई. शेवटच्या दरवाजात शरण येण्याच्या बोलण्यात गैरसमज झाला, आत शिरलेले दोन गोरे अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून सुमारे 300 माणसं कापली. आणि जो माणूस आधीच स्वाधीन झाला होता, त्याला त्याच संध्याकाळी लटकवला.

भाषा दिन म्हणे! एका बाजूला अरब, दुसऱ्या बाजूला गोरे, मधे एक लहानसा दरवाजा. कोण कुणाला काय बोललं असेल, कुणाला काय कळलं असेल, देव जाणे.

आता कमेंटमध्ये येतीलच शहाणे. हो बाबा, शिबंदी पगारी होती, मामा काही क्रांतिकारक नव्हते, आणि तहात लिहून दिलेला किल्ला सोडायला हवा होता. मान्य. म्हणून नावसुद्धा लिहायचं नाही? खुद्द इंग्रजांच्या पार्लमेंटात 1819 साली फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवरून बोलाचाली झाली. लंडनला टोचलं. आपल्याला फक्त फ्लेक्सची दोरी बांधायला जागा दिसते.

सह्याद्रीतल्या किल्ल्यावर एक चिरा हलला तर पुण्यामुंबईकडे केवढा गहजब होतो, व्हायलाच पाहिजे. आमच्या खान्देशातल्या मातीच्या ढिगाऱ्याला विचारतो कोण? खान्देशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी हीच, त्यांच्या कबरींवरचे घुमट अजून उभे आहेत. तेही किती जणांनी पाहिलेत? हात वर करा.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. फ्लेक्स बांधणाऱ्या पोरांना तरी कोणी सांगितलं होतं? मला मामा मिळाले म्हणून कळलं. ते सायकलवरून उतरले नसते, तर मीही आज तिथे सेल्फी काढून आलो असतो. (काढला एक. टाकत नाही.)

चौथरा नको, पुतळा नको, उद्घाटनाला मंत्री तर मुळीच नको. एक काळा दगड, त्यावर तारीख, किल्लेदाराचं नाव आणि "सोबत सुमारे 300". त्या दोन गोऱ्यांचीही नावं घाला हवी तर, मेलेच ना ते. खर्च त्या फ्लेक्सपेक्षा फार नसेल. कोण येतंय सोबत ते इनबॉक्समध्ये सांगा, इथे नुसते अंगठे नकोत.

घरी येऊन मामांना फोन लावला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. म्हटलं, मामा, थाळनेरला जाऊन आलो, तुमच्या मामाला भेटायला. त्यांनी विचारलं, "कोणता मामा?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "तू लई रडना व्हता रे त्या दिन."