पाटे काढल्याने पिकअपची उसळी जात नाही

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात सध्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरतो आहे. "रिकामी गाडी उसळते? मागचे दोन पाटे काढा, टायरची हवा १० ने कमी करा, नायट्रोजन भरा, फाळक्याजवळ रेतीची दोन पोती टाका. शॉकअपवर पैसे घालवू नका. कंपनीच आता नव्या गाडीत कमी पाटे देते." मला तो बऱ्याच जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी पाटे काढूनही घेतले. म्हणून लिहायला बसलो.

पाटे म्हणजे मागच्या कमानीतल्या, म्हणजे स्प्रिंगमधल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आधी एक फरक समजून घ्या. चाक खड्ड्यात गेल्यावर कंबरेत बसतो तो दणका. खड्डा मागे पडला तरी हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, तीन-चार वेळा वरखाली होत राहतो, ती उसळी. दणका बसतो कडक कमानीमुळे आणि जास्त हवेमुळे. उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. मेसेजवाल्याने दोन्ही एकच धरलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे चुकलं.

आता पाटे. मागची कमान टन-दीड टन मालाच्या हिशेबाने बांधलेली असते. रिकाम्या हौद्याचं वजन तिला वाकवायला पुरत नाही, म्हणून रिकामी गाडी कडक लागते. दोन पाटे काढले की दणका थोडा कमी होतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. सहा सारख्या पाट्यांतले दोन गेले तर उरलेल्या चारांवर ढोबळमानाने दीडपट भार येतो. पोलाद त्याच दिवशी तुटत नाही. ते हजारो वेळा वाकून थकतं, बारीक चीर पडते, आणि काटोलहून कॅरेट भरून येताना एखाद्या रात्री मुख्य पाटा जातो. तोच पाटा धुरा, म्हणजे मागच्या चाकांचा आस, जागेवर धरून ठेवतो. तो तुटला की धुरा तिरपा होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेही उसळी थोडी मरत असते. पाटे कमी केले की घर्षणही कमी. ज्या त्रासासाठी पाटे काढले तोच वाढतो.

मला खरी भीती वाटते ती ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागच्या धुऱ्याजवळ, दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा आणि धुरा यांच्यातलं अंतर किती आहे, त्यावर तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे काढले की हौदा खाली बसतो आणि व्हॉल्व्ह माल भरल्यासारखा वागू लागतो. रिकाम्या गाडीत मागे जास्त ब्रेक लागतो, चाकं जाम होतात, आणि पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर गाडीचं शेपूट फिरतं. ज्या दोघांनी पाटे काढले, त्यांच्यापैकी एकाच्याही गॅरेजवाल्याने हा व्हॉल्व्ह पाहिला नव्हता.

"कंपनीच कमी पाटे देते" हे अर्धवट आहे. काही नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे येतात. प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेला असतो, त्यामुळे ताण पूर्ण लांबीवर वाटला जातो आणि दोन-तीन पाटे पुरतात. जुन्या कमानीतून दोन पाटे काढून ती पॅराबोलिक होत नाही. उलट पॅराबोलिकमध्ये घर्षण कमी असल्यामुळे शॉकअप जास्तच चांगला लागतो.

हवेचं म्हणाल तर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी किती हवा ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, पुष्कळदा दाराच्या चौकटीवरही लिहिलेलं असतं. जाताना रिकामी आणि येताना भरलेली, अशीच आपली फेरी असते. सकाळी हवा काढलेली गाडी संध्याकाळी मालासकट तशीच येते. कमी हवेच्या टायरच्या भिंती सारख्या दबतात आणि तापतात. नागपूरचा मे महिना, ४५ अंशांची हवा आणि समृद्धीसारखा लांब सरळ रस्ता असेल तर टायर फुटायला वेगळं कारण लागत नाही. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजा.

नायट्रोजनचा उसळीशी संबंध नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

रेतीत मात्र तथ्य आहे. वजन पडलं की कमान वाकते आणि गाडी शांत होते. पण पोती फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, नकोत. धुऱ्याच्या मागे वजन गेलं की पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड सुटते. धुऱ्याच्या वर किंवा जरा पुढे ठेवा, दोरीने घट्ट बांधा, आणि माल भरताना ती उतरवा.

राहिला शॉकअप, ज्यावर पैसे घालवू नका असं मेसेज सांगतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हेलकाव्याची ताकद उष्णतेत जिरते. पाट्यांच्या घर्षणाची थोडी मदत सोडली तर हे काम गाडीत दुसरं कोणी करत नाही. त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला, टायर जागोजागी खोलगट झिजला असेल, तर तो गेला समजा. शंका असेल तर खालचं टोक सोडवून हाताने ओढायला सांगा. सारखा, जड विरोध लागला पाहिजे. मध्येच सैल पडला तर बदला, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. त्याच वेळी शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, बुश बघून घ्या. शॅकल गंजून अडकलं असेल तर कमान लांबूच शकत नाही आणि चांगली गाडीही दणके देते. पाट्यांच्या टोकांना पॅड असतील तर तेही झिजलेले असू शकतात.

इतकं करूनही सिमेंटच्या रस्त्यावर गाडी तालात नाचत असेल तर रस्त्याच्या सिमेंटच्या तुकड्यांमधल्या जोडांकडे लक्ष द्या. ते साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ४५ किमीला सेकंदाला जवळपास तीन जोड लागतात, आणि रिकाम्या हौद्याची स्वतःची झुलण्याची गती त्याच्या आसपास असली की प्रत्येक जोड आधीच्या हेलकाव्यात भर घालतो. अशा वेळी वेग दहाने कमी करून बघा.