फोटो काढा आणि बसमध्ये चढा!

दर वेळी हेच! क्रोएशियाच्या किनाऱ्याची सहल म्हटली की कार्यक्रमात स्प्लिट, त्रोगिर, शिबेनिक अशी भरगच्च नावं, आणि प्रत्यक्षात काय? "अर्ध्या तासात बसपाशी या!" अहो, अर्ध्या तासात बघायचं तरी काय?

स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा आहे, इसवी सन 305 च्या सुमाराचा. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. खांबांच्या चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स आहे. त्याच्यासोबत सगळे सेल्फी काढतात, पण मागच्या अष्टकोनी इमारतीबद्दल चकार शब्द नाही. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या त्या सम्राटाची ती समाधी! पुढे तिचंच कॅथेड्रल झालं, आणि ओळखलं जातं कुणाच्या नावाने? त्याच्याच राजवटीत मारल्या गेलेल्या संत दोम्नियसच्या! अंगावर काटा आणणारी ही गोष्ट समोर उभी, आणि गाइड छत्री उंचावून "चला, चला" करतोय. डोकंच फिरतं.

त्रोगिरच्या कॅथेड्रलचं 1240 सालचं, शिल्पकार रादोवानचं कोरीव दार तर निम्म्या लोकांना दिसतही नाही.

समुद्राचीही तीच गत. स्प्लिटच्या बाच्वित्से किनाऱ्यावर उथळ पाण्यात तिथली माणसं पित्सिगिन खेळतात, तळहाताने चेंडू उडवत, तो पाण्यात पडू नये म्हणून झेपावत. बघू द्या की जरा वेळ! दुकानात तासभर बसवायला मात्र वेळ कुठून मिळतो? दोन गावं कमी करा, पण एक तरी धड बघू द्या!