‘चवीनं’ ऐकण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हुरड्याच्या दिवसांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. एके ठिकाणी ‘चविने’ असं ऱ्हस्व पडलं होतं. चूक माझीच, दाखवलीत त्याबद्दल आभार.

पण पुढचं वाक्य लागलं. “मराठवाड्यात काहीही चालत असेल, मराठीत चवीने फक्त खातात, कीर्तन चवीने ऐकलं हा अडाणीपणा आहे.” अहो, चूक दाखवायची एक रीत असते. ‘काहीही’ कशाला? ‘अडाणीपणा’ कशाला? आणि मराठवाडा मराठीच्या बाहेर कधी गेला?

‘चव’ला तृतीयेचा प्रत्यय लागून ‘चवीनं’ होतं, एवढं व्याकरण आम्हीही शिकलोय. ‘कडू चवीनं तोंड वाकडं झालं’ इथं ते नामच, मागं विशेषण आहे. ‘चवीनं खाल्लं’मध्ये मात्र ते ‘जोरानं’, ‘प्रेमानं’सारखं क्रियापदाला जाऊन बसतं. तिथं ते पदार्थाबद्दल बोलतच नाही, खाणाऱ्याबद्दल बोलतं: घाई न करता, घासाघासाचं सुख घेत. शिळी भाकरी आणि ठेचाही चवीनं खाता येतो. म्हणून तर दुसऱ्याच्या घरातली भांडणंसुद्धा लोक चवीनं ऐकतात. तुमच्याकडं नाही ऐकत?

माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. आगटीतलं कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत म्हणायची, “बकाबका खाऊ नको, चवीनं खा.” त्याच रात्री देवळात कीर्तनाला मी पेंगायला लागलो, की कोपरानं ढोसायची, “चवीनं ऐक की रं!” हाच शब्द मी लेखात घेतला. अडाणी म्हणालात ते तिला म्हणालात.

आणि ज्ञानोबांचं घराणं आमच्याच गोदाकाठचं, पैठणजवळच्या आपेगावचं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात, बोलाच्या रसाळपणाच्या लोभानं ‘श्रवणींचि होति जिभा’. कानालाच जिभा फुटतात! हे १२९० सालचं मराठी. कानानं चव घेणं चूक असेल तर आधी तिथं लाल शाई चालवा, मग माझ्याकडं या.

लेखाची लांबी, फोटो वगैरे तुमच्या बाकीच्या तक्रारींवर मला वाद घालायचा नाही. ‘चविने’चं ‘चवीने’ केलंय. कीर्तनाचं वाक्य आहे तसंच राहील.