पिंप भरणाऱ्या आजी आणि 'रुळणं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स आणि इनवुड या भागांतल्या माझ्या डॉमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या, शेजाऱ्यांवरच्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. हे लोक न्यूयॉर्कमध्ये पन्नास-पन्नास वर्षं राहूनही तिथले होत नाहीत, स्पॅनिश सोडत नाहीत, कमाई गावी पाठवतात. त्याच अमेरिकेत आपली मराठी माणसं एका पिढीत रुळली, आणि मी मात्र यांच्या न रुळण्याचं कौतुक केलं. शिवाय हे लोक स्वतः शेजारच्या हैती देशाच्या माणसांशी कसे वागतात, यावर मी अवाक्षर काढलं नाही. हा शेवटचा आक्षेप खरा आहे, त्याकडे येतेच.

आधी मराठी माणसांशी केलेल्या तुलनेबद्दल, कारण ती मला फार लागली. १९६५ च्या ज्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचं दार उघडलं, त्याच काळात डॉमिनिकन माणसंही मोठ्या संख्येने येऊ लागली. पण आपली मंडळी बहुतेक पदवी पाहून निवडलेली होती. यांच्या देशात १९३० ते १९६१ त्रुहियोची हुकूमशाही होती आणि साधा पासपोर्ट मिळवायचा तरी मारामार. मे १९६१ मध्ये त्रुहियो मारला गेला. एप्रिल १९६५ मध्ये राजधानी सांतो दोमिंगोत यादवी पेटली आणि अमेरिकेने तिथे सैन्य उतरवलं. त्यानंतर व्हिसा सढळ हाताने दिले गेले. नाराज तरुण देशाबाहेर गेलेले दोन्ही सरकारांच्या पथ्यावर पडणारे होते. एक भाऊ आला, त्याने बहिणीला बोलावलं, बहिणीने नवऱ्याला. काम मिळालं ते कपड्यांच्या कारखान्यांत, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक करून बंद पडत गेले. मग कुणी बोदेगा, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान घातलं, कुणी टॅक्सी चालवली. पदवी घेऊन आलेला आणि शिलाई मशीनवर बसलेला, दोघांचं रुळणं एकाच फूटपट्टीने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

आता पैशांचं. आमच्याच मजल्यावर एक आजी राहतात. सगळी इमारत त्यांना आदराने 'दोन्या' म्हणते, मीही म्हणते. त्यांच्या दाराशी ऑगस्टपासून एक निळं प्लास्टिकचं पिंप उभं असतं, कमरेएवढं. त्यात आधी तळाला तांदळाच्या पिशव्या जातात, मग तेलाचे डबे, साबण, टूथपेस्ट, आणि बुटांच्या आत मोजे कोंबून, कारण रिकामी जागा सोडायची नाही. वह्या-पेन्सिली अगदी वर, म्हणजे पिंप उघडल्या उघडल्या पोरांच्या हाती लागाव्यात. एकदा मी शाम्पूच्या बाटल्या उभ्या रचत होते, तर त्यांनी सगळ्या काढून झाकणांना चिकटपट्टी लावायला सांगितली. एका वर्षी एक बाटली सांडून सगळा तांदूळ वाया गेला होता. नाताळच्या आधी पिंप घ्यायला गाडी येते. अशी पिंपं आणि दरमहा पाठवलेले डॉलर यांच्यावर तिकडची किती घरं उभी आहेत! अलीकडे परदेशातून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वर्षाला दहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जाते आणि देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या वर आहे.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते आणि मालवणचं घर त्यांच्या मनीऑर्डरवर चाललं. गणपतीला ते गावी जायचे ते जायचेच. म्हणून ते मुंबईचे नव्हते, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मग आजींनाच हा प्रश्न का?

आणि त्या इथल्या नाहीत, हेही मला पटत नाही. मॅनहॅटन बेटावर बाहेरून येऊन राहिलेला पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे तो हुआन रॉद्रिगेस सांतो दोमिंगोचाच. १६१३ साली डच जहाजातून आला आणि जहाज परत गेलं तरी मागे राहिला. १५९ व्या रस्त्यापासून २१८ व्या रस्त्यापर्यंतच्या ब्रॉडवेला आज त्याचंही नाव आहे. लहानपणी आलेले, काही काळ कागदपत्रांविना राहिलेले आद्रियानो एस्पायात २०१६ मध्ये याच भागातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. दुसरीकडे त्यांच्या मायदेशाने १९९४ मध्ये दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, २००४ पासून परदेशातल्यांना मतदान दिलं आणि २०१२ पासून त्यांचे सात खासदारही संसदेत बसू लागले. तुम्ही ज्याला 'एक पाय इथे, एक तिथे' म्हणता ते दोन्ही देशांच्या कायद्यात बसतं. गावी मात्र त्यांना 'दोमिनिकान यॉर्क', म्हणजे न्यूयॉर्कवाले डॉमिनिकन म्हणतात, आणि त्यात लाड नसतो. कपडे, बोलणं, सगळ्यावर शेरे. आजी सांगतात, पहिल्यांदा परत गेल्यावर सख्ख्या चुलत बहिणीने हा शब्द वापरला तेव्हा त्या रात्रभर रडल्या होत्या.

सगळ्यात अवघड जुळवून घेणं भाषेचं नव्हतं, रंगाचं होतं. तिकडे ओळखपत्रावर वर्षानुवर्षं सावळ्या माणसापुढे 'इंडियो', म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांसारखा, असं लिहिलं जायचं. 'काळा' म्हणजे हैतीचा, आपण नव्हे. न्यूयॉर्कला उतरल्यावर रस्त्यावरचा माणूस एका नजरेत ठरवतो की तुम्ही काळे. आजींना हे पचवायला फार वर्षं लागली. त्या अजूनही शनिवारी सलूनमध्ये जातात. मोठाले रोलर लावून तासभर गरम टोपाखाली बसायचं, मग ब्रश आणि ड्रायरने एकेक बट ओढून सरळ करायची. कुरळ्या केसांना त्या 'पेलो मालो' म्हणतात, वाईट केस. त्यांच्या नातीने कॉलेजात गेल्यावर केस सरळ करणं सोडलं आणि घरात आठवडाभर अबोला झाला. ती स्वतःला काळी डॉमिनिकन म्हणवते. तिचं इंग्रजी अस्सल न्यूयॉर्कचं आहे. आजीशी ती स्पॅनिशच बोलते, आणि त्यात मला काहीही कमीपणा दिसत नाही.

इथेच तुमचा हैतीचा मुद्दा येतो, आणि तो टाळून मी चूक केली. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या हुकमावरून सीमेलगत हजारो हैतियन माणसं कापली गेली. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये डॉमिनिकन घटनात्मक न्यायालयाने १९२९ पासून जन्मलेल्या, पण आई-वडील कागदपत्रांविना होते अशा लोकांचं नागरिकत्व नाकारलं. त्यात बहुतेक हैती वंशाचे होते, तिथेच जन्मलेले आणि वाढलेले. ज्यांच्या स्वतःच्या कितीतरी घरांत कुणीतरी कागदांविना परदेशी गेलेलं आहे, त्या देशाने हे करावं याचं मला फार वाईट वाटलं. न्यूयॉर्कमधल्या कित्येक डॉमिनिकनांनी या निकालाविरुद्ध निदर्शनं केली, हेही त्या लेखात यायला हवं होतं. आजींशी मी हा विषय काढला. त्यांनी निकालाची बाजू घेतली. नात उठून आत गेली. मला दोघीही प्रिय आहेत, म्हणून तो प्रसंग मी लेखातून गाळला. तुम्ही बोट ठेवलंत ते नेमकं तिथेच.

आज तो भाग मी मूळ लेखात घातला आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. एकदा वाचून पाहाल का? आजी आता महिनाभर गावी असतील. त्या आल्या की त्यांनाही वाचून दाखवणार आहे. भाषांतराला नात बसेल म्हणाली आहे.