कार्पसाठी लहान फ्री-स्पूल रीळ पुरतं: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

गळाच्या मासेमारीचा नाद असलेल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) अशा कार्प जातीच्या माशांसाठी ६००० साइझच्या खालचं रीळ घेऊच नका. लहान रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला लाइन सोडणारा ब्रेक, अपुरा पडतो, त्यात लाइन मावत नाही आणि फेक जवळ पडते. फ्री-स्पूलवर पैसे घालवू नका, पुढचा (मुख्य) ड्रॅग सैल केला की तेच काम होतं. आणि फ्री-स्पूल घेतलंच असेल तर ते पूर्ण सैल ठेवा, म्हणजे माशाला ओढ जाणवणार नाही.

नवीन माणूस हे वाचून जड रीळ घेतो, ड्रॅग आवळून ठेवतो आणि पहिल्याच बऱ्या माशाला लाइन तुटते. मासा तोंडात गळ आणि मागे दहा-वीस मीटर तंगूस घेऊन जातो आणि कुठल्या तरी बुडालेल्या खोडाला अडकून मरतो. तो आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणी धरत नाही. हा सल्ला खोडून काढावासा वाटतो तो मुख्यतः यासाठी.

ज्यांनी फ्री-स्पूल रीळ हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिमानोने १९८० च्या दशकात बेटरनर आणलं आणि पुढे सगळ्याच कंपन्यांच्या अशा रिळांना लोक तेच नाव वापरू लागले. या रिळाच्या मागे एक खटका असतो. तो टाकला की स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, मुख्य ड्रॅगपासून सुटतं आणि मागच्या छोट्या नॉबने ठरवलेल्या हलक्या ताणावर फिरतं. बेल, म्हणजे स्पूलवर लाइन गुंडाळणारी तारेची कमान, बंदच असते. मासा आमिष घेऊन निघाला की लाइन करकर आवाज करत सुटते. आपण रॉड उचलून हँडल फिरवलं की खटका आपोआप मागे पडतो आणि आधीच लावून ठेवलेला मुख्य ड्रॅग कामाला लागतो.

आता पहिला मुद्दा, ड्रॅगचा. खोक्यावर लिहिलेला १० किंवा १५ किलोचा आकडा म्हणजे ड्रॅग पूर्ण आवळल्यावर मिळणारी कमाल ताकद. कार्पच्या मासेमारीत तिथवर कुणी जातच नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी लाइन तुटते. ०.३० मिमीची साधी नायलॉन लाइन साधारण १२ पौंडी असते, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. ड्रॅग लावायचा तो लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, कारण गाठीत ताकद कमी होते आणि मासा झटका देतो तेव्हा ताण एकदम चढतो. म्हणजे प्रत्यक्षात लागणारा ड्रॅग साधारण १.४ ते १.८ किलो. रॉडचंही तसंच. पावणेतीन पौंड टेस्ट कर्व्हचा कार्प रॉड काटकोनात वाकायला सव्वा किलो ओढ पुरते.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. दीड लिटरची पाण्याची भरलेली बाटली लाइनला बांधा, ती जमिनीवर ठेवा आणि चार-पाच पावलं मागे येऊन फक्त रॉडच्या जोरावर उचलायचा प्रयत्न करा. रॉड मुठीपर्यंत वाकतो, मनगट भरून येतं आणि बाटली जेमतेम हलते. हा दीड किलो. पंधरा किलोचा ड्रॅग घेऊन तुम्ही करणार काय?

लहान ड्रॅगच्या चकत्या लांब धावेत तापून निकामी होतात असंही सांगितलं जातं. समुद्रात ट्यूनासारख्या माशामागे शेकडो मीटर लाइन जाते तिथे हे खरं आहे. दीड किलोच्या ताणावर कार्पने ५० मीटर लाइन काढली तर निर्माण होणारी उष्णता सुमारे ७५० जूल. एवढ्याने १०० ग्रॅम अॅल्युमिनियम आठ-नऊ अंशांनी गरम होईल, तेसुद्धा सगळी उष्णता एकदम त्यातच उतरली तर. ड्रॅगमध्ये बघायचा गुण वेगळाच आहे. तो सुटताना अडखळता कामा नये. धक्क्याने सुटणारा १५ किलोचा ड्रॅग सुरळीत सुटणाऱ्या ४ किलोच्या ड्रॅगपेक्षा जास्त मासे घालवतो.

लाइन मावत नाही हा दुसरा आक्षेप. ४००० साइझच्या स्पूलवर पुष्कळदा ०.३०–१८० आणि ०.३५–१३० असे आकडे छापलेले दिसतात, म्हणजे ०.३० ची लाइन १८० मीटर, ०.३५ ची १३० मीटर. धरणाच्या काठावरून आपण टाकतो ३०-४० मीटरवर. मासा त्यापुढे आणखी ६० मीटर धावला तरी ०.३० च्या स्पूलवर ८० मीटर लाइन शिल्लक राहते. मोकळ्या पाण्यात सात-आठ किलोचा सायप्रिनससुद्धा नीट लावलेल्या ड्रॅगवर क्वचितच एवढा लांब जातो. पवईसारख्या तलावात जलपर्णीच्या कडेला टाकत असाल, तर माशाला तिच्यात शिरू न देण्यासाठी जोर लावावा लागतो. पण तो जोर जाड लाइनमधून येतो. ०.३५ भरा, १३० मीटर तिथे भरपूर होते.

साइझच्या आकड्यांवर फार विसंबूही नका. एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ४००० एवढंच असेल असं नाही, आणि ओकुमासारख्या कंपन्या आपल्या बेटरनरवर ३०, ४० असे आकडे घालतात. स्पूलवरचा मिलिमीटर आणि मीटरचा आकडा वाचा.

लहान स्पूलच्या दोन खऱ्या अडचणी आहेत, पण त्या फिरत्या सल्ल्यात त्यांचा उल्लेखच नाही. पहिली, लाइन उतरत जाते तसा ताण वाढतो. ड्रॅग तोच राहतो, पण लाइनच्या थराचा व्यास कमी होतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ४६ मिमी असेल आणि धाव संपताना तो ३६ वर आला असेल, तर दीड किलोवर लावलेला ड्रॅग प्रत्यक्षात १.९ किलोला सुटतो. म्हणून लहान स्पूल कडेपासून दीड-दोन मिलिमीटर सोडून काठोकाठ भरायचं आणि ड्रॅग पाव भागाच्या बाजूला ठेवायचा. अर्धवट भरलेलं चार हजारी रीळ घेऊन गेलात, तर रीळ लहान म्हणून मासा गेला असं वाटेल. खरं कारण भरणीत असेल. दुसरी अडचण वेगाची. ४.८ पट गिअर आणि ४५ मिमी स्पूल म्हणजे हँडलच्या एका फेरीला सुमारे ६८ सेंटीमीटर लाइन आत येते, मोठ्या रिळावर ती ८५-९० पर्यंत जाते. मासा आपल्याच दिशेने धावत आला तर हा फरक जाणवतो. अशा वेळी रॉड उंच धरून दोन पावलं मागे सरकावं लागतं.

फेकीचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. मोठ्या, रुंद काठाच्या स्पूलवरून लाइन कमी घासत सुटते आणि फेक लांब जाते हे खरंच आहे. इंग्लंड-फ्रान्सच्या तलावांवर लोक शंभर मीटरच्या पुढे फेकतात, त्यांच्यासाठी ती अवजड रिळं घडवलेली आहेत. पण तिथे केसासारख्या बारीक धाग्यावर कडक गोळी अडकवलेली असते. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी रूढ केलेली ती हेअर रिग. आपल्याकडे अजून बहुतेक जण पिठाचा, पेंडीचा गोळा गळ लावलेल्या स्प्रिंगवर दाबून टाकतात. तो गोळा जोरात फेकला की हवेतच फुटतो आणि रिकामे गळ पाण्यात पडतात. फेकीची मर्यादा इथे गोळा ठरवतो. शिवाय रोहू आणि मृगळ संध्याकाळी काठाजवळच्या चाऱ्यावर येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकून मिळवायचं तरी काय?

आता चौथा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक: पुढचा ड्रॅग सैल केला की फ्री-स्पूलचं काम होतं.

मासा लागल्यावर काय घडतं ते बघा. स्प्रिंगवरचे गळ असोत की जड शिशाची रिग (गळ आणि वजनाची जोडणी), मासा स्वतःच टोचून घेतो आणि बिथरून पळतो. रॉड स्टँडवर आहे, ड्रॅग सैल आहे, लाइन जाते आहे. इथपर्यंत ठीक. आता तुम्ही रॉड उचलता. मुख्य ड्रॅग लागलेला नाही, तो आत्ता लावायचा आहे, धावत्या माशावर, अंदाजाने, पुष्कळदा अंधारात. नॉबचा अर्धा वळसा जास्त झाला की लाइन तुटते. कमी झाला की माणूस घाईघाईने हँडल फिरवत राहतो, स्पूलभोवतीचा रोटर फिरतो, लाइन आत येत नाही आणि हँडलच्या प्रत्येक फेरीला लाइनला पाचेक पीळ बसतात. दहा फेऱ्यांत पन्नास. पुढच्या फेकीला ती लाइन रिळाबाहेर वेटोळी होऊन उडते, आणि लोक रिळाला नाहीतर लाइनच्या कंपनीला दोष देतात.

फ्री-स्पूलमध्ये दोन ताण वेगवेगळे लावलेले असतात. मुख्य ड्रॅग सकाळी शांतपणे वजनकाट्यावर लावता येतो, दिवसभर त्याला हात लावायचा नाही. मासा लागला की फक्त हँडल. नवशिक्याला याहून जास्त मदत करणारी दुसरी गोष्ट या रिळात नाही, आणि नेमकी तीच गाळा असं तो सल्ला सांगतो. बेल उघडी ठेवून घुंगरू लावण्याची जुनी पद्धत मला ठाऊक आहे, ती पद्धत वापरणारे कसलेले लोकही आहेत. पण ते रॉडपासून हातभर अंतरावर बसलेले असतात. चहा आणायला उठायचं असेल तर फ्री-स्पूल हवंच, नाहीतर रॉड तलावात जातो.

पाचवं, फ्री-स्पूल पूर्ण सैल ठेवा. नको. पूर्ण सैल स्पूल पहिल्या झटक्याला भरकन फिरतं आणि मासा क्षणभर थांबला तरी फिरतच राहतं. सैल वेटोळी निघतात, ती स्पूलखाली दांड्यात अडकतात आणि पुढची धाव तिथेच आवळली जाते. वारा आणि लाटा लाइन आपसूक ओढत राहतात ते वेगळंच. ताण लावायची पद्धत साधी आहे. खटका टाका, लाइन हाताने झटकन हातभर ओढा आणि थांबा. हात थांबताच स्पूल थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर मागचा नॉब किंचित आवळा, पुन्हा ओढा. मृगळाचा घास हळू असतो, आधी एक कर्र, मग बराच वेळ काही नाही, मग दोन-तीन कर्र आणि मग सलग. थोडा ताण ठेवला तर त्या पहिल्या आवाजातच गळाचं टोक ओठात बसलेलं असतं. ओढ जाणवून मृगळ आमिष सोडतो ही भीती अनाठायी आहे. स्पूल फिरायला लागणारी ही ओढ अगदी हलकी असते.

बेअरिंगच्या संख्येवरही कुणी भाळू नये. बेलवरच्या ज्या रोलरवरून लाइन वळते तो नीट फिरतो का, एवढं बघा.

मोठं रीळ कुणी घ्यावं? उजनीच्या उथळ, रुंद फुगवट्यावर उन्हाळ्यात पाणी मागे गेलेलं असताना ज्यांना खरोखर ८०-१०० मीटर फेकायचं आहे त्यांनी. बुडालेल्या झाडांच्या जागी जाड लाइन भरून टाकणाऱ्यांनी. आणि नदीच्या धारेत महसीरमागे जाणाऱ्यांनी, कारण तो प्रवाहाचा जोर घेऊन धावतो. कटल्याची गोष्ट निराळी. वर वळलेल्या तोंडाचा हा मासा पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्याला तरंगत्या आमिषाने धरतात आणि रॉड हातातच असतो, त्यामुळे तिथे फ्री-स्पूलची फारशी गरज पडत नाही. बाकी धरणाचा काठ, गावतळं, मत्स्यशेतीचं तळं आणि किलो-दोन किलोपासून सात-आठ किलोपर्यंतचे मासे, यांना ४००० पुरतं. फक्त लहान रोहूच्या मागे असाल तर २५०० सुद्धा चालेल, ०.२५ ची लाइन भरून.

दुकानात रीळ हातात आलं की लाइन नसली तरी चालेल, स्पूल बोटाने फिरवून बघा. खटका टाकून मागचा नॉब पूर्ण सैल ते पूर्ण घट्ट असा फिरवा. ताण हळूहळू वाढला पाहिजे, शेवटच्या पाव वळशात एकदम वाढणारं रीळ धावत्या माशावर छळतं. मग मुख्य ड्रॅग थोडा लावून स्पूल हाताने अगदी सावकाश ओढा आणि ते सुटण्याचा क्षण बघा. तिथे टक् असा धक्का लागला तर दुसरं रीळ मागा. शेवटी खटका टाकलेला ठेवूनच हँडल पुढे फिरवा, चार-पाच वेळा, कधी हळू कधी जोरात. खटका दर वेळी पाव-अर्ध्या फेरीच्या आत स्वतःहून सुटला पाहिजे. एकदा जरी अडला, तर किंमत कितीही कमी केली तरी ते रीळ घेऊ नका.